तेवढा तुकडा

"उद्या संध्याकाळी ते दोघं येतायत घर बघायला. त्याआधी तेवढा तुकडा जुळवून टाक," ती म्हणाली आणि कप विसळायला आत गेली.

तो भिंतीकडे बघत बसला. तेवढा तुकडा. किती सहज. खाली जातोच आहेस तर तेवढा केर टाक, उठलाच आहेस तर तेवढे कपडे काढ, आणि घरात बसलाच आहेस तर तेवढा भिंतीचा तुकडा जुळवून टाक. घरात बसलाच आहेस, असं ती म्हणाली नव्हती. तसलं काही ती कधीच म्हणत नाही, आणि नेमकं तेच त्याच्या डोक्यात जातं. म्हणाली असती तर चार शब्द सुनावता आले असते. नोकरी गेल्यापासून ती त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी बोलते, पंखा हवाय का, अजून जरा झोप, आणि तो तिच्या या समजूतदारपणावर दिवसभर दात खातो. भिंतीवर, कपाट आणि आतलं दार यांच्यामध्ये, छातीच्या उंचीला, मोठ्या ताटाएवढा पांढुरका डाग होता. वरच्या मजल्यावरच्यांचा नळ भिंतीतल्या भिंतीत गळत होता, तो दुरुस्त झाला. गवंडी येऊन फुगलेला गिलावा खरवडून नवा लावून गेला. भिंत आता आतून बाहेरून कोरडी ठणठणीत होती. पण डाग तो डाग. मागे एक गिऱ्हाईक आलं, त्यानं डॉक्टर पोटावर ठेवतात तसा त्या डागावर तळहात ठेवला आणि ओल आहे म्हणून चालता झाला. नाही हो, नाही हो, म्हणत ती जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेली, गरोदरपणाच्या त्या पोटासकट. दलाल तेव्हा म्हणाला, "साहेब, लोक घर डोळ्यांनी घेतात. हा डाग तुम्ही घालवा, नाहीतर बँक तुम्हाला घालवेल." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. त्याचे पुढचे दोन दात दोन वेगवेगळ्या पांढऱ्यांचे होते. एक खोटा होता, आणि बसवणाऱ्यानं तो जुळवताना दिव्याखाली धरून बघितलेलाच नव्हता.

दिव्याखाली धरून बघणं. हे असं काही काम असतं हेच लोकांना ठाऊक नसतं. रंगाच्या कारखान्यात एक लांबोडकी खोली होती, तिच्या एका टोकाला उत्तरेची खिडकी, जिच्यातून ऊन कधी आत येत नसे, फक्त उजेड येई, दिवसभर सारखा. गिऱ्हाईक कुणी चिंधी आणे, कुणी फरशीचा तुकडा, एकदा तर एक बाई मेलेल्या मांजराचा पट्टा घेऊन आली होती, आणि म्हणत, या रंगाचा रंग करून द्या. तो करून देई. पांढरा घ्यायचा, त्यात थेंब थेंब स्टेनर, म्हणजे घट्ट कच्चे रंग, सोडायचे, ढवळायचं, पुठ्ठ्यावर ओढायचं, वाळू द्यायचं, कारण ओला रंग नेहमी खोटं बोलतो, आणि मग शेजारी ठेवून बघायचं. त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे गरुड म्हणत. डोळ्यांमुळे की नाकामुळे, हे कुणी सांगत नसे. गरुड म्हणायचा, खिडकीत बघ, मग दिव्याखाली बघ, मग तोंड उघड. कारण रंग एक दिसला म्हणून एक असतो असं नाही, तो कशाकशाचा केलाय त्यावर सगळं असतं. पिवळी माती, काळा आणि थेंबभर निळा घालून केलेला राखाडी, आणि लाल नि हिरवा एकमेकांत मारून केलेला राखाडी, खिडकीशी हे दोघे जुळे भाऊ. संध्याकाळी पिवळा दिवा लागला की पहिला जागच्या जागी राहतो आणि दुसरा विटकरी पडतो. याला ते लोक रंग फिरला असं म्हणत. फिरणारा रंग गिऱ्हाइकाच्या हातात देणं हे त्या खोलीत पाप होतं. नव्या पोराकडून तसं झालं तर गरुड त्याला शिव्या देत नसे, नुसतं त्याच्याकडे बघत राही, आणि पोरगं दुसऱ्या दिवशी कामाला यायला घाबरे.

मग साबणाच्या वडीएवढं रंग मोजायचं यंत्र आलं. सोबत चष्मेवाली एक मुलगी आली, नुकती कॉलेजातून निघालेली. ती ते चिंधीवर टेकवायची, टक् असा आवाज यायचा, आणि कशात काय किती घालायचं ते छापून बाहेर पडायचं. यंत्र कधीतरी तोंडघशी पडावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता. मुलगी जेवायला गेली की तो तिचे नमुने उचलून खिडकीत नेई, दिव्याखाली नेई, पुन्हा खिडकीत नेई. एकही फिरत नव्हता. हेच त्याला सहन झालं नाही. यंत्र मूर्ख असतं तर जगात काही न्याय उरला आहे असं म्हणता आलं असतं. साहेबांनी बोलावून घेतलं, त्यांच्या खोलीत नेहमी असते तशी थंडी होती, आणि ते म्हणाले, "तुमच्यासारखा डोळा पुन्हा होणे नाही." पुन्हा व्हायला नको म्हणूनच काढत होते. वर निरोप म्हणून कंपनीच्या सगळ्यात भारी पांढऱ्या रंगाची एक बादली दिली, तिला फीत बांधलेली. "बाळ येणार आहे ना घरी? खोली रंगवा त्याची." बादली मांडीवर घेऊन तो बसनं घरी आला. समोर बसलेल्या माणसानं विचारलं, घराला रंग काढताय वाटतं? हो, तो म्हणाला, आणि पुढच्या थांब्यापर्यंत त्या माणसाचा गळा दाबण्याचा विचार करत राहिला. बादली तेव्हापासून गॅलरीत पडून होती, फितीसकट.

कर्ज घेतलं तेव्हा बँकेत त्यांना दोनदा थंड पाणी विचारलं होतं. आता बँकेतून एका मुलीचा फोन येतो, ती आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करते. तब्येत कशी आहे सर, घरी सगळे बरे ना, आणि मग त्याच मधाळ आवाजात हप्ता. आरडाओरडा करणारा कुणी असता तर यानंही आवाज चढवला असता. या मुलीवर आवाज चढवला की ती म्हणते, मी समजू शकते सर. जो तो त्याला समजून घ्यायच्या मागे लागलेला. कंपनीनं दिलेले पैसे हप्त्यांनी गिळले, तिचा पगार आधीच तुटपुंजा, दाताच्या दवाखान्यात ती पेशंटांची नावं लिहून घेते, आणि आता तिची बिनपगारी रजा सुरू होणार. बँकेनं शेवटचं सांगून टाकलं होतं: महिनाअखेरपर्यंत स्वतः विकलंत तर तुमचं कर्ज फिटून हातात थोडं राहील, नाहीतर आम्ही लिलाव करू, मग जे येईल ते येईल. हातात थोडं राहील, या तीन शब्दांवर ती जगत होती. तेवढ्यात बाळंतपण निघेल म्हणत होती. राहायचं कुठे, तर तिच्या दादाच्या दुकानावरची खोली. दादाचं कपडे ड्रायक्लीन करायचं दुकान आहे, त्या जिन्यात पाय ठेवला की नाकात तो उग्र वास चढतो आणि दिवसभर उतरत नाही. दादानं स्वतः घरी येऊन, खुर्चीत पाय पसरून सांगितलं होतं, "भाडं कसलं घेतोय मी तुमच्याकडनं? उलट माझंच काम होईल. डाग ओळखायला तुमच्यासारखा माणूस कुठे मिळायला. हा चहाचा, हा शाईचा, हा लोखंडाचा. डोळा तुमचा, दुकान माझं." आणि ती कृतज्ञतेनं दादाकडे बघत होती. लोकांच्या विजारीवरचे डाग. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तो चहा पीत राहिला, कारण चहा गरम होता आणि हातात काहीतरी धरायला हवं होतं.

त्याला हे घर आवडत होतं असंही नाही. खरं बोलायचं तर त्याला या घराचा राग यायचा, बुटक्या छताचा, लिफ्टच्या धडधडीचा, शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून येणाऱ्या खोकल्याचा. आवडला होता फक्त भिंतीचा रंग, कारण तो त्यानं केला होता. राखाडी, पण मेलेला नाही. पानाच्या मागच्या बाजूला असते तशी त्यात हिरवट झाक होती. पिवळी माती, काळा, थेंबभर निळा. बाहेरच्या खोलीत त्यानं पिवळाच दिवा लावून घेतला होता, पांढऱ्या नळीखाली माणसं प्रेतासारखी दिसतात म्हणून, आणि त्या दिव्याखाली ही भिंत अशी शांत बसायची की घरी आलेला माणूस काही कारण नसताना आवाज खाली आणून बोलायचा. ती घरात पहिल्यांदा आली तेव्हा तिनं दिवा लावला, विझवला, पडदा उघडला, लावला, पुन्हा दिवा लावला, आणि म्हणाली, "नाही फिरला." हे तिनं त्याच्याकडूनच उचललेलं होतं. बोहल्यावर चढायच्या आधीच तो तिला कपड्यांच्या दुकानात छळायला लागला होता. हातातलं कापड घेऊन तिला दुकानाबाहेर फुटपाथवर न्यायचा, उन्हात धरायला लावायचा, पुन्हा आत आणून दिव्याखाली, आणि दुकानदार दोघांना चोर समजून मागे माणूस पाठवायचा. तिला ते सगळं मजेचं वाटायचं. मैत्रिणींना सांगायची, "कापड निवडताना दोन उजेडांत बघतो, आणि मी नवरा निवडला तो एकाच उजेडात." सगळ्या हसायच्या. तोही हसायचा. त्याला आता तो विनोद आठवला की वाटतं, त्यात हसण्यासारखं काय होतं?

आणि तो येणारा. त्याच्याबद्दल तर काही बोलायचीच सोय नव्हती. त्याच्याबद्दल फक्त आनंद व्हायला परवानगी होती. नोकरी पक्की आहे, घर आपलं आहे, आता हरकत नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं, आणि तो रुजला न रुजला तोच हे सगळं पायाखालून सरकलं. कधीकधी रात्रीच्या जेवणानंतर ती त्याचा हात ओढून पोटावर ठेवते, बघ, लाथा मारतोय. तो हात ठेवतो. आतून धक्का बसतो, आणि त्याला वाटतं, हा कोण मला ढकलतोय. जागा आहे का, सोय आहे का, काही न विचारता बिछाना घेऊन निघालेला पाहुणा. मग तिच्याकडे बघून तो हसल्यासारखं करतो. तिला ते हसणं खरं वाटतं का, हे त्याला कधी कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. सगळ्या जगाचा रंग ओळखणाऱ्याला बायकोचा चेहरा वाचता येत नाही, असं तिचा दादा एकदा म्हणाला होता, आणि तेही हसतच.

दुपारी त्यानं बादलीची फीत कापली. गॅलरीत उकिडवं बसून पांढरा वाटीत काढला, खोक्यातून स्टेनरच्या बाटल्या काढल्या, आणि हात आपोआप पिवळ्या मातीच्या बाटलीकडे गेला. काळा, निळा. डोळे मिटून झालं असतं ते काम. पण तो थांबला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा त्याला ओरडून सांगत होता, येऊ दे, येऊ दे, येऊ दे. त्याच्या डोळ्यांपुढे उद्याची संध्याकाळ आली. ते दोघं येणार, भिंत बघणार, छान आहे म्हणणार. ती खुशीत चहा टाकणार. मग सामान, टेंपो, तो जिना, तो वास, लोकांच्या विजारी. आणि पुढं जन्मभर सगळे म्हणणार की त्यानं घर विकलं, त्याला झेपलं नाही. बँकेनं काढलं तर गोष्ट वेगळी. बँकेनं दाराला कुलूप लावलं, कागद चिकटवला, लिलाव पुकारला, की तो बिचारा. त्याच्यावर अन्याय झालेला. मग कंपनी, बँक, साहेब, ती मधाळ मुलगी, सगळ्यांकडे बोट दाखवता येईल आणि बोट खाली घ्यावं लागणार नाही. हातात थोडं राहणार नाही हे त्याला कळत होतं. बाळंतपण कशात करायचं हेही कळत होतं. त्याला ते अगदी लख्ख कळत होतं, आणि तरी त्यानं पिवळ्या मातीची बाटली खोक्यात परत ठेवली. लाल घेतला. हिरवा घेतला. दोन्ही एकमेकांत मारले.

नोकरी गेल्यापासून इतकं मन लावून त्यानं काहीच केलं नव्हतं. फिरणारा रंग चुकून होतो; ठरवून करायचा म्हणजे कसब लागतं. थेंबानं लाल पुढे जाई, थेंबानं हिरवा. पुठ्ठ्यावर ओढायचा, वाळू द्यायचा, भिंतीवर धरायचा. पाठ भरून आली, घाम डोळ्यांत उतरला, पण हात असे चालत होते जसे खिडकीपाशी चालायचे, आणि त्याला, लाज वाटायला हवी होती तिथं, मजा वाटत होती. उन्हं कलायच्या आत त्यानं तुकडा रंगवला, कडा ओल्या फडक्यानं विरवून टाकल्या. वाळल्यावर चार पावलं मागे जाऊन बघितलं. डाग कुठे होता हे त्यालाच शोधावं लागलं. त्या रात्री त्यानं बाहेरच्या खोलीतला दिवा लागू दिला नाही. डोळे दुखतायत, म्हणाला. ती बरं म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दारातून येणाऱ्या उजेडात दोघं जेवली.

सकाळी ती भिंतीसमोर उभी राहिली. पाय फाकवून, एक हात कमरेवर, ती हल्ली उभी राहते तशी. "दिसत नाही रे अजिबात," ती म्हणाली. "हात फिरवला तरी कळत नाही." आणि तिचा चेहरा असा उजळला की त्याला तिचा रागच आला. इतकं काय त्यात. मग तो आंघोळीला गेला. डोक्यावर पाणी घेताना त्याला पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला, एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा. तो बाहेर आला तेव्हा पडदे उघडे होते, खोलीत लख्ख ऊन होतं, आणि ती भिंतीकडे पाठ करून फोनवर दलालाशी बोलत होती. "नाही, संध्याकाळी नको. दुपारीच आणा ना त्यांना. उजेडात घर छान दिसतं आमचं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पलीकडून दलाल काहीतरी म्हणाला. "बरं, निदान लवकर तरी," ती म्हणाली.  खोली मोठी दिसावी म्हणून दलालानं सांगितल्याप्रमाणे खुर्च्या तिनंच एकेक करून आत नेल्या. तो बसल्या जागेवरून बघत होता. 

ते आले तेव्हा खिडकीतला उजेड उतरू लागला होता. पुढे दलाल, मागे ते दोघं. बाई ठेंगणी, हसरी, पायातल्या चपला दारात नीट जोडून ठेवणारी. नवरा उंच, आणि त्याला भिंती वाजवून बघायची खोड होती. बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि कान द्यायचा. आल्या आल्या त्यानं दार वाजवलं, चौकट वाजवली, खिडकीखालची भिंत वाजवली. घर नव्हे, कलिंगड घ्यायला आला होता. स्वयंपाकघर बघून झालं, आतली खोली बघून झाली. आतल्या खोलीत बाई म्हणाली, "ही बाळाची ना? मग हे घर का विकताय?" आणि दलाल तोंडातल्या तोंडात पुटपुटला, बदली, बदली. सगळे बाहेरच्या खोलीत आले. "अंधार पडायला लागला की," दलाल म्हणाला, "दिवा लावतो, थांबा." ती पटकन म्हणाली, "अजून आहे की उजेड." "छे छे वहिनी, दिव्यात बघू दे ना त्यांना. घर म्हणजे संध्याकाळचंच असतं." आणि तो बटणाकडे वळला. तेवढ्या वेळात ती चालत भिंतीपाशी गेली, कपाट आणि दार यांच्यामध्ये, वळली, आणि पाठ टेकून उभी राहिली. दिवा लागला.

तिच्या खांद्याच्या वर, बोटभर, त्याला कड दिसली. विटकरी. नवख्याला ती सावली वाटली असती, पण त्याला नाही. रंग असा फिरला होता की गरुड असता तर नुसतं बघत राहिला असता. आणि मग त्याच्या लक्षात आलं की ती खोलीत दुसरीकडे कुठेही उभी राहू शकली असती. पडद्याच्या कड्या. एकदा आणि पुन्हा एकदा. भर सकाळी पडदे ओढून तिनं दिवा लावून बघितलं होतं. खिडकीत बघ, मग दिव्याखाली बघ. तिनं तोंड मात्र उघडलं नव्हतं.  पकडला गेल्यावर माणूस शरमेनं मान खाली घालतो म्हणतात. त्याला मात्र सगळ्यात आधी आला तो संताप. ही कोण मला झाकणारी? माझं काम, माझी भिंत, आणि ही तिथं त्या पोटाचं ओझं घेऊन पहारेकऱ्यासारखी उभी.

"तुम्ही बसा ना," ती हसरी बाई म्हणाली. "उगाच उभ्या का?" "नको, उभं राहिलं की बरं वाटतं मला," ती म्हणाली. "बसून बसून कंटाळा येतो." तिच्या पायांकडे त्याचं लक्ष गेलं. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांतून वर आले होते. संध्याकाळी ती कधीच उभी राहू शकत नाही, उशीवर पाय ठेवून पडलेली असते. तो वळला. आत गेला, खुर्ची उचलली, आणि ती आणून खोलीच्या मधोमध, दिव्याच्या बरोबर खाली ठेवली. "बस ना," तो म्हणाला. आवाज त्यानं इतका मऊ काढला की त्या बाईनं कौतुकानं आपल्या नवऱ्याकडे बघितलं. "बघ, पाय किती सुजलेत तुझे. बस."

तिनं खुर्चीकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर त्याला कधी काही वाचता येत नसे, आज सगळं वाचता आलं, आणि वाचायचं थांबवताही येईना. त्यात राग नव्हता. ती फक्त खात्री करून घेत होती. "थँक्यू साहेब," दलाल म्हणाला, "सकाळपासून पायांचे तुकडे पडलेत," आणि खुर्ची ओढून स्वतःच बसला.

उंच माणूस टकटक करत येत होता. खिडकीपासून कोपरा, कोपऱ्यापासून कपाट. कपाटाच्या अलीकडची भिंत वाजवली, कान दिला, मान हलवली. पलीकडे ती. तिच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. तिनं एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकला, पण पाठ भिंतीपासून सुटू दिली नाही. आतून लाथ बसली असावी, कारण तिचा हात झटकन पोटावर गेला आणि डोळे मिटले गेले. त्याला वाटलं, आता ती पडणार. पडली तर सगळंच दिसेल. हा विचार त्याच्या मनात याच क्रमानं आला, आधी ती पडणार आणि मग डाग दिसणार, आणि क्रम तरी नीट लागला याचा त्याला काय तो आधार वाटला. "जरा..." उंच माणूस हात पुढे करून म्हणाला. तिनं डोळे उघडले. "इथे आम्ही दोघं उभे आहोत," ती म्हणाली आणि हसली. "आम्हाला वाजवू नका." तो माणूस कानापर्यंत लाल झाला, सॉरी सॉरी म्हणत मागे सरला, त्याची बायको मोठ्यानं हसली, दलालही हसला. खुर्चीमागे उभा असलेला तो मात्र हसला नाही. त्या हसण्यातच सगळं ठरून गेलं. बाई म्हणाली, घर समाधानी वाटतंय. नवरा म्हणाला, भिंती चांगल्या आहेत. उद्या सकाळी टोकन घेऊन येतो, दहाच्या सुमाराला. दारापाशी बाईनं तिला लांबूनच हात केला. "येऊ नका सोडायला, उभ्याच राहा." ती म्हणाली, "हो."

लिफ्टची धडधड खाली उतरत गेली. ती भिंतीशीच होती.

"गेले ते," तो म्हणाला.

"माहितीये. पायात गोळा आलाय. हलता येत नाहीये मला."

तो जवळ गेला, हात पुढे केला. तिनं हात धरला नाही, मनगट धरलं, आणि सगळा भार त्याच्यावर टाकला. तो दोघांचा भार होता आणि त्याला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ जास्त होता. ती भिंतीपासून सुटली तसा कापड ओढल्यासारखा आवाज आला. रंग कालचाच, आणि तिची पाठ घामानं चिंब. तिच्या झग्याच्या पाठीवर तो तुकडा जसाच्या तसा उमटला होता, दिव्याखाली विटकरी, भाजल्यासारखा. आणि भिंतीवर जिथून तो निघाला होता तिथे गवंड्याचा पांढरा गिलावा उघडा पडला होता.

"सकाळी कळलं होतं तर बोलली का नाहीस?" तो म्हणाला. त्याचा आवाज अजून भांडणाचाच होता. दुसरा कुठला त्याला सापडत नव्हता.

"भांडले असते तर संध्याकाळी उभं राहायला जोर उरला नसता." ती हळूहळू खुर्चीपर्यंत आली, पाठीवर हात धरून थांबली, पण बसली नाही. "आता दुसऱ्या उजेडातही बघितलं मी तुला," ती म्हणाली. विनोद सांगताना म्हणायची तशी नाही. पेशंटाचं नाव लिहून घेताना बोलत असेल तशी. "तो दिवा बंद कर. मग बसते मी."

त्यानं दिवा बंद केला. खिडकीत आता काहीच उजेड उरलेला नव्हता. अंधारात खुर्ची करकरली, आणि कितीतरी वेळ दाबून धरलेला तिचा श्वास बाहेर पडला. तो बटणावर बोट ठेवून तसाच उभा राहिला. तिनं बोलवावं असं त्याला वाटत होतं, आणि तिनं बोलवलं नाही.

"सकाळी लवकर उठ," थोड्या वेळानं ती म्हणाली. "ते यायच्या आत कर परत. पिवळ्या मातीचा."